जर्नलमधला ९८०

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली की माझ्या टेबलावर चाळीसएक जर्नलांची चळत येऊन पडते. बी.एस्सी. भाग १, भौतिकशास्त्र. बार पेंडुलमचं, म्हणजे टांगून झुलवायच्या धातूच्या पट्टीच्या प्रयोगाचं पान उघडायचं, शेवटी चौकटीत लिहिलेली g ची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची किंमत (सेंमी/सेकंद² मध्ये) बघायची आणि सही ठोकायची. ९८०. ९७९.६. ९८०.२. ९८०. पुन्हा ९८०. पंख्याखाली, डुगडुगत्या टेबलावर, चार पोरांत एक स्टॉपवॉच वापरून काढलेली ही उत्तरं. बघून ऊर भरून यावा.

मागच्या खेपेला एका जर्नलात ९८० च्या खाली खोडरबरानं घासलेला डाग दिसला. पान खिडकीकडे धरलं, तर खाली ९७४. मुलाला बोलावलं. गगनबावड्याच्या बाजूचा, पहाटेच्या एसटीनं येणारा पोरगा.

"का खोडलंस?"

"चुकलं होतं सर."

"कशावरनं?"

"पुस्तकात ९८० हाय." मग जरा थांबून, खाली बघत, "आणि ९८० नसलं तर मार्क कापतासा की."

यावर मला काही बोलता आलं नाही, कारण ते खरं होतं. मीच कापत होतो. दोनाला एक, असा हिशेब. उत्तर 'बरोबर' असलं की दोन, नसलं की एक.

आता त्या ९८० चीच गोष्ट बघा. पाठ्यपुस्तकातला ९८०.६६५ हा प्रमाण म्हणून ठरवून घेतलेला आकडा आहे, साधारण ४५ अंश अक्षांशाला समुद्रसपाटीवर शोभेल असा. कोल्हापूर साडेसोळा-सतरा अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. अक्षांशाचं आणि उंचीचं गणित केलं तर इथला g ९७८.३ च्या आसपास येतो. म्हणजे ज्या आकड्यासाठी मुलं रबर झिजवतात, तो त्यांच्या गावचा नव्हेच.

हा फरक दोन-अडीचचा, तो सोडून देऊ. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. बार पेंडुलमच्या २० दोलनांना साधारण ३२ सेकंद लागतात. बोटानं स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. म्हणजे आवर्तकाळात, एका दोलनाला लागणाऱ्या वेळेत, ०.६ टक्का चूक, आणि g च्या सूत्रात आवर्तकाळाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात त्याच्या दुप्पट, म्हणजे बारा-एक एककांची. बरीच रीडिंगं घेऊन आलेख काढला की ती कमी होते, समजा निम्म्यावर येते. तरीही चाळीस पोरांनी प्रामाणिकपणे प्रयोग केला तर उत्तरं ९७० पासून ९८५-८६ पर्यंत पसरायला हवीत. ती सगळी ९७९ ते ९८१ च्या चिमटीत सापडतात. चाळीस जर्नलांतला हा एकमतानं आलेला ९८० हाच कॉपीचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि तो तपासायची साधनं आम्ही याच मुलांना याच वर्गात शिकवतो. त्या प्रकरणाचं नाव 'चुकांचं विश्लेषण'. सत्राच्या पहिल्या आठवड्यात ते उरकून टाकतात.

पोरं बेइमान झाली आहेत असं मला म्हणायचं नाही. आम्ही ज्याला गुण देतो ते मुलं शिकतात, इतकी ती हुशार आहेत. पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात आम्ही तोंडानं एक अपेक्षा सांगतो, फळ्यावर दुसरीच शिकवतो आणि गुण तिसऱ्याच गोष्टीला देतो. प्रास्ताविकात म्हणतो, विचार करायला शिका. फळ्यावर सिद्धता उतरवून देतो. पेपरात त्या सिद्धतेच्या पायऱ्या मोजून गुण वाटतो. सत्र संपत आलं की मुलं म्हणतात, "सर, आयएमपी काढून द्या." आम्ही देतो. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या पाच वर्षांच्या पेपरांचा संच मिळतो. तो ज्यानं नीट पाठ केला त्याला माझ्या तासांना बसायची गरज उरत नाही, आणि ते त्याला माझ्याआधी कळलेलं असतं.

मध्यंतरी मी एक उद्योग केला. अंतर्गत चाचणीत चार गुणांचा एक प्रश्न घातला. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला होतो आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात जातात. वर्षातून दोनदाच का, आणि याच तारखांना का? कोल्हापूरच्या पोराला हा सोहळा माहीत नाही असं होत नाही. निम्म्यांनी तो डोळ्यांनी पाहिलेला असतो, उरलेल्यांनी मोबाइलवर.

चाळीसातल्या तिसांनी जागा कोरी सोडली. दुसऱ्या दिवशी तिघा-चौघांचं शिष्टमंडळ आलं. "सर, हे सिलॅबसमध्ये नाही." काहींनी न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम लिहून ठेवला होता, आकृतीसकट. काहीतरी लिहिलं की काहीतरी मिळतं हा बोर्डापासूनचा अनुभव, तो काही चुकीचा नाही.

एकानं मात्र निराळंच लिहिलं होतं, आणि मराठीत. सूर्य रोज थोडा दक्षिणेला सरकून मावळतो, २१-२२ डिसेंबरला सगळ्यात दक्षिणेला जातो, मग परत फिरतो. जाताना जिथून गेला तिथूनच येताना येणार. खाली त्यानं दिवस मोजले होते. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. 'म्हणून दोन्ही वेळा सूर्य देवळासमोर एकाच जागी मावळतो.' सूत्र नाही, व्याख्या नाही. आकृती म्हणाल तर एक चौकोन, त्यावर कळस आणि बाजूला एक वाकडी रेघ.

आमच्या नेहमीच्या मापानं याला किती मिळतील? व्याख्या एक, आकृती एक, सूत्र एक, निष्कर्ष एक. त्याला एक, फार तर दीड. गुरुत्वाकर्षणाचा नियम सुबक अक्षरात लिहिणाऱ्याला दोन. मी उलटं केलं. दिवस मोजणाऱ्याला चार, नियमवाल्यांना शून्य. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "सूत्र कुठाय यात?" मी म्हणालो, विचार आहे. ते म्हणाले, "विचाराला मार्क द्यायचे तर आधी सांगायचं होतंस."

तेव्हा मला राग आला होता. नंतर पटलं की बरोबर तेच होते. तोवर कधीही मी वर्गाला दाखवलं नव्हतं की चांगलं उत्तर म्हणजे काय. आठ-दहा वर्षं शाळेनं आणि बोर्डानं या मुलांना एक खेळ शिकवला. त्यात ती तरबेज झाली. आणि मी एका सकाळी न सांगता खेळाचे नियम बदलले. कोऱ्या जागा त्यांच्या होत्या, पण त्यातली बरीचशी जबाबदारी माझी होती.

हे दुखणं कोल्हापूरचंच आहे असं कुणी समजू नये. १९९२ साली अमेरिकेत हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या कल्पनांवर एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड नाही, सूत्र नाही, नुसते प्रश्न. हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना हेस्टेनिस यांची अशीच चाचणी आपली मुलं सहज सोडवतील असं वाटलं होतं. चाचणी द्यायला बसलेल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं की, तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला खरं वाटतं तसं? आणि निकाल लागला तेव्हा माझूर चक्रावले. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ वर्गांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे मांडले. नुसत्या व्याख्यानानं शिकवलेल्या वर्गांत, सत्राच्या सुरुवातीला जेवढं शिकायचं बाकी होतं त्याच्या सरासरी २३ टक्केच पदरात पडलं. मुलांना वर्गात बोलायला, वाद घालायला लावणाऱ्या वर्गांत हेच प्रमाण ४८ टक्के. त्याच वर्षी मेरीलँडच्या रेडिश आणि मंडळींनी मुलांच्या अपेक्षाच मोजल्या. भौतिकशास्त्र म्हणजे सुटे तुकडे की एकसंध विचार, सूत्र म्हणजे पाठांतर की अर्थ, वर्गातल्या विज्ञानाचा बाहेरच्या जगाशी संबंध आहे की नाही. एक सत्र शिकल्यावर मुलांची समज या बाबतीत सुधारण्याऐवजी एकूणात घसरली होती. शिकवून घसरली. मला तर ते वाचताना आमचीच जर्नलं डोळ्यांसमोर आली.

तुम्ही स्वतः करून बघा. मुलांना न्यूटनचा तिसरा नियम विचारा, झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणतील. मग विचारा, उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची आणि मोपेडची धडक झाली, कुणी कुणाला जास्त बल लावलं? हात वर होतात, आणि बहुतेक सगळे ट्रॅक्टरच्या बाजूनं. बल सारखंच असतं, मोपेडचं वस्तुमान कमी म्हणून तिचे हाल जास्त होतात, हे समजायला वर्गात अर्धा तास भांडावं लागतं. त्या भांडणाला आमच्या गुणपत्रिकेत घरच नाही.

गुणांकडे येतो. अंतर्गत मूल्यमापन नावाचा प्रकार याच भांडणासाठी आणला गेला होता, म्हणजे कागदावर तरी. विद्यार्थ्याला जवळून ओळखणारा शिक्षक वर्षभर बघेल आणि लेखी पेपरात न दिसणारं टिपेल. प्रत्यक्षात काय होतं ते प्रत्येक कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. दहापैकी नऊ. आला त्याला नऊ, झोपला त्याला साडेआठ, दिसलाच नाही त्याला सात. एक साधं गणित सांगतो. दहा गुणांच्या चाचणीत सगळ्यांना नऊच मिळाले तर त्या चाचणीचं वजन दहा राहत नाही, शून्य होतं. सगळ्यांच्या बेरजेत नऊ मिळवले, क्रम जसाच्या तसा. मग सगळा निर्णय उरलेल्या लेखी पेपरावर, म्हणजे पुन्हा झेरॉक्सच्या दुकानावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा बिंदूंच्या श्रेणीत 'ओ' पासून 'एफ' पर्यंत अक्षरं आहेत. त्यातलं कुठलं अक्षर ९७४ न खोडणाऱ्याचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

याउलट कडक मास्तरांचीही एक जात आहे. "माझ्या विषयात साठच्या वर कुणी जात नाही" हे ते मिशांवर ताव मारून सांगतात. मला विचाराल तर हाही आळसच, फक्त इस्त्री केलेला. पेपर अवघड काढला, पण कशासाठी काढला ते मुलांना सांगितलं नाही. चुकलं तिथं लाल फुली मारली, का चुकलं ते लिहिलं नाही. उदार मास्तर आणि कडक मास्तर दोघांनीही विद्यार्थ्याची वही वाचलेलीच नसते. खासबागेच्या मैदानात दोन पैलवान नुसतेच खडाखडी करत राहिले तर लोक ओरडायला लागतात, कुस्ती निकाली करा म्हणून. आमच्या परीक्षा वर्षानुवर्षं बरोबरीत सुटतात आणि गॅलरीतून कुणी ओरडत नाही.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप आमच्या मातीतला आहे, आणि तो मी टाळू शकत नाही. ही मुलं खेड्यातून येतात. घरात पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस. दहावीपर्यंत मराठी, अकरावीला अचानक इंग्रजी. सीईटीत इंजिनिअरिंग हुकलं म्हणून कुणी इथं आलेलं, कुणी पोलीस भरतीची तयारी करता करता पदवी पदरात पाडून घेणारं. त्यांना तुम्ही विचारांच्या नावाखाली नापास करणार? शाहू महाराजांच्या गावात?

शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर आधी राहायला जागा लागते, हे ओळखून काढलं. अडचण कुठं आहे ते बघून सोय तिथं केली. आम्ही जे करतो ते वेगळं आहे. अडचण भाषेची आणि पायाची असते, सोय गुणांची करतो. भाग १ ला दिलेले नऊ गुण भाग ३ ला कामाला येत नाहीत, एम.एस्सी.च्या प्रवेशाला येत नाहीत, फाउंड्रीतल्या गुणवत्ता विभागात मुलाखतीला तर अजिबातच नाहीत. तिथं मायक्रोमीटर हातात देतात आणि वाच म्हणतात.

शिवाय खेड्यातल्या मुलांना उपयोजनाचे प्रश्न झेपत नाहीत हे गृहीतकच मला मान्य नाही. आघूर्णाच्या, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या परिणामाच्या प्रकरणात मी एकदा राधानगरी धरणाचा विषय काढला. तिथं सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात पाणी ठरावीक पातळीवर आलं की माणसानं हात न लावता उघडतात, एकेकातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं आणि सगळं कोल्हापूर पंचगंगेची पातळी बघायला लागतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथं शेंबड्या पोरालाही पाठ. दरवाजा कसा उघडतो, असं विचारलं. पुढच्या बाकावरची, नव्वद टक्केवाली मंडळी आघूर्णाची व्याख्या सांगू लागली. मागच्या बाकावरच्या राधानगरीकडच्या एका मुलीनं वही आडवी धरली, एका टोकाला बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं वजन हाय, ते दार धरून ठेवतंय. पाणी चढलं की दाब वाढतोय आणि जरा वरनंही लागतोय. मग पाण्याचं जड होतंय." दाब वाढतोय आणि वरून लागतोय, म्हणजे बलही वाढलं आणि त्याचं अंतरही. हे तिनं पुस्तकाशिवाय सांगितलं. लेखी परीक्षेत त्याच प्रकरणात तिला काठावर गुण पडले, कारण तिथं इंग्रजीत व्याख्या हवी होती. अवघड प्रश्नानं तिचं नुकसान झालं नाही, सोप्या प्रश्नानं झालं.

दुसरा आक्षेप पोटाचा. आमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांत किती जण तासिका तत्त्वावर आहेत ते स्टाफरूममध्ये डोकी मोजून बघा. सीएचबीवाला माणूस सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. पगार तासावर, पुढच्या वर्षीची नेमणूक निकालावर आणि पटावर. मुलं कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की काम जातं. त्यानं वर्गात ९७४ ची बाजू घ्यावी असं मी पगारी खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. "नापास कुणाला करायचं नाही" हे वाक्य लेखी कधीच येत नाही, चहाच्या कपाबरोबर येतं. मला ते ऐकू आलेलं आहे आणि मीही मान डोलावलेली आहे. तेव्हा मूल्यमापनाचा हा सगळा प्रश्न शिक्षकाच्या नीतिमत्तेवर सोडून देणाऱ्यांशी माझं जमत नाही. कायम जागा भरल्याशिवाय वह्या वाचून होणार नाहीत. चाळीस वह्या नीट वाचायला दोन रविवार जातात, ते कुणीतरी मोजले पाहिजेत.

तरीही काही गोष्टी जागा भरेपर्यंत थांबायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात मी आता जुन्या तीन उत्तरपत्रिका, नावं काढून, वर्गात वाटतो आणि मुलांनाच गुण द्यायला लावतो. पहिल्या दिवशी सगळे जण सुबक अक्षराला जास्त देतात. मग बोलतो. किरणोत्सवाचं ते मराठी उत्तर त्यात आहेच. हे एकदा झालं की नंतर अनोळखी प्रश्न घातला तरी शिष्टमंडळ येत नाही. किंवा येतं, पण "सर, आमचं असं म्हणणं आहे" म्हणत येतं. अंतर्गत चाचणीत उत्तर मराठीत लिहायची मुभा दिली आहे. पेपर अवघडच ठेवतो, पण पंधरा दिवसांनी पुन्हा संधी देतो. आपलं उत्तर कुठं आणि का चुकलं हे लिहून आणलं तर गेलेले निम्मे गुण परत. यावर सहकारी म्हणतात, मग पहिल्यांदाच बरोबर लिहिणाऱ्यावर अन्याय नाही का? थोडा आहे. पण गुणपत्रिकेनं सत्राच्या शेवटी मुलाला काय येतं ते सांगायचं असतं, ऑगस्टमध्ये काय येत नव्हतं ते नाही. उशिरा समजलेला तिसरा नियमही तिसरा नियमच असतो.

निम्मेच का, पूर्ण का नाही, यावर मात्र माझं मलाच अजून पटलेलं नाही.

आणि जर्नल. शेवटच्या आकड्याचे गुण मी काढून टाकले. गुण कच्च्या वहीला, चुकांच्या हिशेबाला आणि उत्तर असं का आलं या दोन ओळींना. कच्च्या वहीत पेन्सिल आणि रबर बंद. चुकलं तर रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

पहिल्याच बॅचला एका मुलीचं उत्तर ९६२ आलं. ती वही घेऊन आली, चेहरा पडलेला. "सर, हे असंच ठेवू?" म्हटलं, ठेव आणि का आलं ते लिही. तिनं लिहिलं की पहिली दहा रीडिंगं एकीनं घेतली, नंतरची दुसरीनं, आणि दुसरी घड्याळ उशिरा दाबत होती. दोघींच्या वेळांचा तक्ता शेजारी शेजारी मांडला होता. घड्याळ सुरू करताना आणि थांबवताना दोन्हीकडे सारखाच उशीर झाला तर तो वजा होऊन जायला हवा, हेही तिच्याच लक्षात आलं. म्हणून तिनं तपासलं, तर मैत्रीण फक्त थांबवताना उशीर करत होती, कारण विसावं दोलन झाल्यावर ती मनात 'वीस' म्हणायची आणि मग दाबायची. पूर्ण गुण दिले.

तिच्या मागं रांगेत उभा असलेला मुलगा हे सगळं ऐकत होता. त्याचा नंबर आल्यावर त्यानं वही पुढं केली नाही, छातीशी धरून उभा राहिला.

"सर, माझं खरंच ९८० आलंय. आता मी काय करू?"

कच्ची वही दाखव म्हटलं. पेननं लिहिलेली, तीन रीडिंगांवर रेघा, एका कोपऱ्यात चहाचा डाग. शेवटी ९८०, आणि पुढं अधिक-उणे ६. खालच्या दोन ओळींत त्यानं लिहिलं होतं की इथली किंमत ९७८ धरली तरी हे उत्तर चालेल, आणि ९७५ आलं असतं तरी चाललं असतं. मी सही केली.